मागाचा खड्डा

मला किळस लवकर येते, हे आधीच सांगून टाकतो. हॉटेलात ग्लासावर दुसऱ्याच्या बोटांचे ठसे दिसले की मी पाणी न पिता उठतो. बसच्या दांड्याला रुमालाशिवाय हात लावत नाही. प्रताप नगरात टाइल्स, बेसिन आणि कमोड विकणाऱ्या एका शोरूमचा मी मॅनेजर आहे. तिथला कोरा करकरीत, कुणीही न वापरलेला माल पाहून मला जो आनंद होतो, तो लोकांना देवळात होत असावा. माझी बायको प्रणाली म्हणते, "तुम्ही जन्मल्याबरोबर आधी हात धुतले असतील."

असा मी त्या सकाळी मांडीभर गटाराच्या पाण्यात आईच्या दारात उभा होतो, आणि आत आईने दोर बांधून कपडे वाळत घातले होते.

पाऊस आदल्या संध्याकाळपासून लागला होता. सकाळी साडेसहाला आमच्या जुन्या गल्लीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. ही गल्ली शहराच्या जुन्या भागात आहे, नाल्याकडे उतरत जाते. माझ्या लहानपणी तिथे घराघरातून हातमागाची खटखट ऐकू यायची. आता कुणी ई-रिक्षा चालवतो, कुणी मोबाइल दुरुस्त करतो, आणि खटखट फक्त म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांत उरली आहे. व्हिडिओत नाला कुठला आणि गल्ली कुठली, ते ओळखू येत नव्हतं. आमचं घर उतारावर शेवटून तिसरं, आणि बाबा गेल्यापासून आई, तुळजाबाई, त्या घरात एकटी राहते.

मी फोन लावला.

"आई, पाणी घरात आलं का वं?"

"आलं थोडंसं."

"थोडंसं म्हंजे किती?"

"गुडघ्याच्या वर आहे. तुमचा चहा झाला का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई गुडघाभर घाणीत उभी आहे आणि आमच्या चहाची चौकशी करते आहे! मी म्हटलं, निघ तिथून. ती म्हणाली, "गल्लीतले लोकं वर जाऊन राहिले आपल्या घरातून. सगळे चढले का मंग मी बी जाईन." आणि फोन ठेवला.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गल्लीत बाकी सगळी घरं कवेलूची नाहीतर टिनाची. स्लॅब फक्त आमचा, आणि गच्चीवर टिनाचं एक शेडही आहे. पण जिना मागच्या अंगणात. म्हणजे गच्चीवर जायचं तर आमच्या पुढच्या खोलीतूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही.

त्या पुढच्या खोलीबद्दल आताच सांगतो. बाबांचा, मारोतरावांचा, खड्डामाग याच खोलीत होता. जमिनीत कमरेइतका खोल खड्डा, विणणारा त्याच्या काठावर बसतो आणि पाय आत सोडून पावड्या दाबतो. बाबांची नजर गेली तसा माग विकला, पण खड्डा कुणी विकत घेत नाही. त्यावर जाड सागवानी फळ्या टाकल्या, फळ्यांवर सतरंजी आली. उन्हाळ्यात बाबा दोन फळ्या सरकवून खड्ड्याच्या गारव्यात पाय सोडून पेपर वाचत बसायचे. ते गेले आणि त्याच्या पुढच्या मे महिन्यापासून आईने माझ्यामागे लकडा लावला. ट्रॉलीभर मुरूम आण आणि हा खड्डा एकदाचा बुजव. दरवर्षी पावसाआधी ती म्हणायची आणि दरवर्षी मी म्हणायचो, "हे घरच विकायचं आहे आपल्याले, खड्डा काहून भरायचा?" अशी अकरा वर्षं गेली.

तर मोटरसायकल वरच्या चौकात लावली आणि खाली उतरलो. गल्लीच्या तोंडाशी बचाव पथकाचे दोघे जण दोर ताणून उभे होते. त्यांनी बजावलं की धार आहे, म्हातारी माणसं आणि लेकरं या पाण्यातून बाहेर काढू नका, गच्चीवरच ठेवा, बोट येते आहे. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, माझ्या आईला मी पाठुंगळी घालून नेईन, पण या उकिरड्यात तासभरही ठेवणार नाही.

मग मी पाण्यात पाय घातला. पाणी म्हणायची माझी तयारी नाही. ते कोमट होतं, दाट होतं, आणि त्याचा वास नाकातून थेट जिभेवर उतरत होता. एक मेलेली घूस पोट फुगवून माझ्या बाजूने गेली. मागून लहान मुलाचं वापरलेलं डायपर आलं, तेही फुगलेलं. पायाखाली काहीतरी मऊ दबलं आणि दबून सरकलं. ते काय होतं याचा विचार करायचा नाही असं ठरवलं, आणि अख्ख्या गल्लीभर तोच विचार केला. बाजूच्या घराच्या खिडकीत यमुताई दोन नातवंडांना घेऊन बसल्या होत्या. "जाय बापा, तुही माय वाट पाहून राहिली," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं, जसं काही मी लग्नाला उशिरा पोचलो होतो.

आमच्या ओट्याजवळ एक जाड फळी तरंगत होती. ती नडगीवर आपटली तेव्हा मी शिवी हासडली आणि फळीला लाथेने दूर ढकललं. ती कुठून आली, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझं सगळं डोकं तेव्हा ओकारी दाबण्यात गुंतलं होतं.

दारात पोचलो. वीज गेलेली होती, आत अंधार होता. डोळे सरावले तेव्हा पहिली दिसली ती उजवीकडची भिंत. ती हलत होती. गटाराच्या चेंबरमधून निघालेली झुरळं, सगळ्या गल्लीची झुरळं, पाण्यापासून जीव वाचवायला त्या भिंतीवर चढून बसली होती. मोठी, तांबडी, मिशा हलवणारी, एकावर एक. माझ्या मानेवर काटा उभा राहिला तो पाठीखालपर्यंत गेला.

आणि मग दिसले कपडे. पुढच्या दाराजवळच्या खिडकीच्या गजापासून मागच्या दाराजवळच्या खुंटीपर्यंत आईने नायलॉनचा दोर बांधला होता, खोलीच्या लांबीभर, उजव्या भिंतीपासून दोन हातांवर. त्यावर तिची लुगडी, दोन चादरी आणि बाबांचं जपून ठेवलेलं पांढरं धोतर ओळीने टाकलेलं. सगळ्यांचे काठ घाणीत बुडलेले. दोराच्या पलीकडे, डाव्या भिंतीला लागून, विटांवर उचललेल्या लोखंडी पलंगावर आई मांडी घालून बसली होती. बाजूला गॅसची लहान शेगडी, तिच्यावर मोठं पातेलं. मांडीवर परात. ती गवार निवडत होती.

माणूस घाबरला तर मी समजू शकतो. रडला, ओरडला, देवाला शिव्या दिल्या, तरी समजू शकतो. पण हे असं, नाकासमोर मेलेल्या घुशी वाहत असताना शेंगांच्या शिरा काढत बसणं, याची मला मनापासून किळस आली. मला वाटलं, ही बाई या घाणीला सरावली आहे. हिला ती दिसतच नाही. आणि मी हिच्याच पोटचा आहे.

"ये," आई म्हणाली. "भिंतीकडून ये."

हे तिचं नेहमीचं. माग होता तेव्हा खोलीच्या मध्यावर उभ्या धाग्यांचा ताणा पसरलेला असायचा, म्हणून आम्ही पोरं कायम भिंतीला घासत चालायचो. माग गेला तरी आईची सवय गेली नाही, आल्यागेल्याला ती अजूनही तेच सांगते. माझ्या सासऱ्यांनाही तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी मात्र गेली पंधरा वर्षं त्या फळ्यांवरून बूट घालून फिरलो होतो.

"आई, उठ. असाच्या असा पदर खोच अन् चाल."

"चालू ना. कुसुमताईले आणायचं आहे अजून. श्रीधर गेला तिले आणाले."

श्रीधर म्हणजे शेवटच्या घरातला, ई-रिक्षावाला. कुसुमताई त्याची आई. तिची एक बाजू दोन वर्षांपासून लुळी आहे.

"श्रीधर पाहून घेईल त्याच्या मायले. तू चाल आधी."

"एवढी गवार झाली का खिचडीत टाकून देऊ. वर वीस माणसं आहेत गा, लेकरं आहेत. सकाळपासून उपाशी बसले."

"खिचडी? इथे? या पाण्यात?"

"पाण्यात काहून? पातेल्यात," आई म्हणाली.

"अन् हे कपडे काय आहेत? पूर येऊन राहिला अन् तू धुणं वाळू घालून राहिली? डोकं फिरलं का तुहं?"

"दुर्गेश, आधी भिंतीकडून ये, मंग बोल."

मी भिंतीकडे पाहिलं. एक झुरळ पंख उघडून दुसऱ्या जागी जाऊन बसलं. त्या भिंतीला खांदा लावून चालण्यापेक्षा मी नाल्यात बुडालो असतो तरी चाललं असतं, असं मला तेव्हा खरोखर वाटलं. मी सरळ मधून पलंगाकडे निघालो. समोर बाबांचं ओलं धोतर तोंडावर आलं. घाणीत बुडालेलं, लिबलिबीत, गालाला चिकटलं. मी ओरडलो आणि दोराला हिसका मारला. जुन्या मातीच्या भिंतीतून खुंटी पोपड्यासकट उपटून आली आणि सगळं धुणं पाण्यात पडलं.

"दुर्गेश, खड्डा!" आई ओरडली. तिला इतक्या मोठ्याने ओरडताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

तोवर पुढचा पाय खाली गेला होता. जमीन नव्हती. मी डोक्यासकट बुडालो. तोंड उघडं होतं, कारण मी काहीतरी बोलत होतो. नाल्याची चव कशी असते हे मला विचारू नका. मी सांगू शकतो, म्हणून विचारू नका. हात काठावर आपटले, काठ शेवाळल्यासारखा निसरडा होता, दोनदा सुटला. तिसऱ्यांदा कुणीतरी माझ्या शर्टाची कॉलर धरली. आई पलंगावरून उतरून काठावर गुडघे टेकून बसली होती, छातीपर्यंत घाणीत. तिने एका हाताने मला ओढलं आणि दुसऱ्या हाताने पलंगाचा पाय घट्ट धरलेला होता. मी वर आलो. खोकलो, ओकलो, परत ओकलो.

तेव्हा मला ती फळी आठवली. ओट्याजवळची. पाण्याने फळ्या उचलून दाराबाहेर नेल्या होत्या, सतरंजीही गेली होती, आणि खोलीच्या मधोमध तो खड्डा तोंड उघडून, वर सपाट पाणी पांघरून बसला होता. पहाटेपासून गल्लीतली माणसं याच खोलीतून जात होती. वीस माणसं, लेकरं.

"आधी कपडे पाह," आई म्हणाली. "दोर शोध. नुसता दोर अंधारात दिसत नाही म्हणून लुगडे टाकले होते मी. लुगडं दिसते."

दारात पाणी डुचमळलं. श्रीधर आला होता. पाठीवर कुसुमताई, तिचा एक हात त्याच्या गळ्याभोवती, दुसरा लोंबकळत. दोघांचं वजन त्याच्या दोन पायांवर, आणि पुढे वाकल्यामुळे त्याला स्वतःच्या छातीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

"काकू, येऊ का? लई जड झाली माय."

"थांब गा श्रीधर! पाय नोको टाकू," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "जाय. मागच्या दाराजवळ जाय अन् दोर धर ताणून. खुंटी तं उपटली तू."

मी गेलो. भिंतीभिंतीने गेलो. मागच्या दाराजवळ, जिथे खुंटी होती त्या भोकाशेजारी, भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो आणि दोर दोन्ही हातांवर गुंडाळून ताणला. आईने पाण्यातून लुगडी वेचून परत त्यावर टाकली. एकेक, नीट, काठ सारखे करून. दोर घाणीने जड झाला, हाताला कापू लागला.

पहिलं झुरळ माझ्या खांद्यावर उतरलं तेव्हा श्रीधर नुकता दारातून आत आला होता. दुसरं कानामागून कॉलरमध्ये गेलं. मला त्याचे पाय एकेक मोजता येत होते. माझ्या तोंडून आवाज निघत होता, कुत्र्याच्या पिल्लासारखा, आणि तो मला थांबवता येत नव्हता. पण हात सोडता येत नव्हते.

"भिंतीकडून ये, श्रीधर," आई सांगत होती. "उजवा खांदा भिंतीले लाव. झुरळं आहेत, चावत नाहीत. हां. असाच ये."

अर्ध्या वाटेत त्याचा पाय घसरला. तो डावीकडे कलला, कुसुमताई त्याच्या पाठीवरून सरकली, आणि दोघांचं सगळं वजन बाबांच्या धोतरावर, म्हणजे दोरावर, म्हणजे माझ्यावर आलं. मी पुढे ओढला गेलो. दाराच्या चौकटीला गुडघा अडकवून थांबलो. कुसुमताईचा लुळा पाय दोराखालून खड्ड्याच्या पाण्यावर लोंबत होता, त्याला जमीन कुठे आहे याचा पत्ता नव्हता. श्रीधरने भिंतीचा आधार घेतला, तिला झटका देऊन वर घेतली, आणि पुढे निघाला. माझ्याजवळून जाताना कुसुमताईने माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड वाकडं आहे, शब्द नीट निघत नाहीत. "मारोतरावचा ना तू?" एवढं म्हणाली. तिच्या अंगाला लघवीचा वास येत होता. माझ्या अंगाला त्याहून वाईट वास असणार.

तिच्यामागून यमुताई आणि त्यांची नातवंडं आली. मग शेवटच्या ओळीतले दोन म्हातारे. मग कुणाचं तरी कुत्रं. प्रत्येकाला आई पलंगावरून तेच सांगत होती, त्याच आवाजात, आणि मधल्या वेळात गवार निवडत होती. सगळे चढले तेव्हा खिचडी झाली होती. पातेलं मीच वर नेलं. लोकांनी खाल्ली. मला त्या खिचडीकडे बघवत नव्हतं.

अकराच्या सुमारास बोट आली आणि कुसुमताईला घेऊन गेली. बाकीचे गच्चीवरच थांबले, कारण पाणी उतरायला लागलं होतं. दुपारी दोनला ते ओट्याखाली गेलं. मी गच्चीवरच्या ड्रममध्ये साचलेल्या पावसाच्या पाण्याने सहा वेळा तोंड धुतलं आणि खाली आलो. आई आधीच आली होती. तिने त्याच ड्रमच्या पाण्याने लुगडी आणि धोतर खळबळून पिळली होती.

खोलीत घोटाभर गाळ होता. मी खड्डा पाहायला पुढे झालो, या खेपेला भिंतीकडून. खड्डा नव्हताच. काठोकाठ भरला होता. काळा, चकाकता, लोण्यासारखा गाळ, त्यात एक दात घासायचा ब्रश आणि कुणाची तरी चप्पल रुतलेली. गवंड्याने थापी मारावी तसा जमिनीला सारखा लागला होता.

आई दोर घेऊन आली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं घेऊन मागच्या दाराशी गेली, भिंतीतलं भोक पाहिलं आणि टोक माझ्यापुढे केलं.

"धर."

मी धरलं. ती धोतर झटकून दोरावर टाकू लागली.

"आई, उद्याच मुरूम आणतो," मी म्हणालो. "हा गाळ काढून टाकू अन् ट्रॉलीच सांगतो." वरातीमागून घोडं, ते माझं मलाच ऐकू येत होतं.

आईने धोतराचा काठ सारखा केला. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता, भाजीचा भाव सांगावा तशी ती बोलली.

"राहू दे आता. अकरा वर्षं तुले म्हणून राहिली मी. नाल्यानं एका दिवसात भरला."

ती पुढचं लुगडं आणायला वळली. मी दोर ताणून उभा राहिलो. खोलीभर तोच वास होता, आणि तो आता गाळाचा येत होता की माझ्या अंगाचा, हे मला सांगता येत नव्हतं.